तारणारा कशासाठीं आला? आमच्या भाषेनें व आमच्या जिल्ह्यानें दिलेलें उत्तर



महोत्सव म्हटला कीं मंडप, पताका, मिरवणूक, मोठी मिस्सा आणि पंगत हीं डोळ्यांपुढें उभीं राहतात, व तें योग्यच आहे. देवाच्या घरचा आनंद दडवून ठेवावयाचा नसतो. परंतु ज्या इब्री शब्दावरून 'ज्युबिली' हें नांव आलें, त्याचा मूळ अर्थ मेंढ्याचें शिंग असा आहे. जुन्या करारांतील लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत अशी आज्ञा आहे कीं, सात वेळां सात वर्षें लोटल्यावर पन्नासाव्या वर्षीं तें शिंग देशभर फुंकावें. मग कर्जापायीं विकला गेलेला मनुष्य मोकळा होऊन आपल्या कुटुंबांत परत जावा, आणि गरिबीमुळें हातची गेलेली जमीन मूळच्या घराण्याकडे यावी. त्याच अध्यायांत आणखी एक कर्तव्य सांगितलें आहे. गरीब आप्ताची जमीन किंवा त्याची स्वतःची काया दुसऱ्याच्या ताब्यांत गेली, तर जवळच्या नातेवाइकानें मोल भरून ती सोडवावी. अशा सोडविणाऱ्या आप्तास इब्री लोक 'गोएल' म्हणत.

प्रभु येशूनें नासरेथच्या सभास्थानांत यशया संदेष्ट्याचा जो भाग वाचला, तो हाच शिंगाचा नाद पुन्हां ऐकविणारा होता. दीनांस सुवार्ता, बंदिवानांस सुटका, आंधळ्यांस दृष्टि आणि प्रभूच्या कृपेचें वर्ष, असा त्याचा आशय आहे. तें वाचून त्यानें ग्रंथ गुंडाळला आणि हें वचन आजच पूर्ण झालें आहे असें सांगितलें. म्हणून तारणारा पृथ्वीवर कशासाठीं आला हा प्रश्न आणि आपण महोत्सव कशासाठीं करतों हा प्रश्न, हे दोन नसून एकच आहेत. पहिल्याचें उत्तर हातीं नसेल तर दुसऱ्याचें उत्तर केवळ मंडपापुरतें उरतें.

गोदातीरीं विचारला जाणारा प्रश्न

आम्हां नाशिककरांस हा प्रश्न टाळतां येण्याजोगा नाहीं. आमची वस्ती गोदावरीच्या कांठीं आहे. त्र्यंबकाजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावणाऱ्या ह्या नदीवर गुरु सिंह राशींत आला कीं सिंहस्थाचा मेळा भरतो. २०१५ सालीं तो आपण सर्वांनीं पाहिला. लाखों माणसें येतात, थंड पाण्यांत बुडी मारतात आणि पाप धुतलें जावें अशी इच्छा धरतात. पलीकडे पंचवटी आहे. रामचंद्रांनीं वनवासांत तेथें वास केला अशी श्रद्धा आहे. अशा गांवांत शेजारी सहज विचारतो, "आमचा राम कां आला हें आम्हांस ठाऊक आहे, तुमचा ख्रिस्त कशासाठीं आला?" प्रश्न मनापासूनचा असतो, आणि त्यास उत्तरही मनापासून दिलें पाहिजे.

अवताराची जी कल्पना आपल्या देशांत सर्वपरिचित आहे, ती गीतेच्या चौथ्या अध्यायांत आली आहे. सज्जनांचें रक्षण, दुर्जनांचा नाश आणि धर्माची स्थापना ह्यांसाठीं ईश्वर युगायुगांत प्रगट होतो, असें तेथें प्रतिपादन आहे. ख्रिस्ती श्रद्धा ह्याहून दोन गोष्टींत वेगळी आहे. एक, देवपुत्र एकदांच मनुष्य झाला. तो ठराविक काळीं आला, ठराविक गांवीं राहिला, आणि पंत पिलात ह्या रोमी अधिकाऱ्याच्या अमदानींत मरण पावला. तें एकच येणें सर्व काळांस पुरून उरलें. दुसरी, तो दुर्जनांच्या नाशासाठीं न येतां दुर्जनांच्याच साठीं आला. यरीहो येथील जक्कय हा जकातदारांचा मुखिया होता, लोकांस नाडून श्रीमंत झालेला होता. त्याच्याच घरीं प्रभु पाहुणा म्हणून उतरला, आणि हरवलेल्यास शोधून तारावें ह्यासाठींच आपण आलों असें त्यानें तेथें सांगितलें. सेवा करून घ्यावयास नव्हे, तर सेवा करावयास व पुष्कळांच्या मुक्ततेसाठीं आपला प्राण मोल म्हणून द्यावयास आलों, हेंही त्याचेंच सांगणें आहे.

तथापि ही गोष्ट आपल्या शेजाऱ्याच्या अंतःकरणास अगदींच अपरिचित आहे असें समजूं नये. देवास पतितपावन म्हणणारी, आणि जो स्वतःस पतित म्हणवितो त्याच्याकडेच देव धांव घेतो असें गाणारी संतमंडळी ह्याच महाराष्ट्रांत झाली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें २८ ऑक्टोबर १९६५ रोजीं इतर धर्मांविषयीं जो जाहीरनामा काढला, त्यांत इतर धर्मांमधील जें सत्य व पवित्र आहे त्यांतील कशाचाही ख्रिस्तसभा अव्हेर करीत नाहीं असें स्पष्ट केलें आहे. म्हणून आपलें उत्तर नम्रतेचें असावें. परंतु तें उत्तर असावें, टाळाटाळ नव्हे.

मराठींतील पहिलें मोठें उत्तर

ह्या प्रश्नास मराठी भाषेंत पहिलें सविस्तर उत्तर एका परदेशी माणसानें दिलें. थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत जन्मलेले. येशूसंघांत प्रवेश केल्यावर ते लिस्बनहून जहाजानें निघून १५७९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास उतरले, आणि १६१९ सालीं मरण पावेपर्यंत, म्हणजे सुमारे चाळीस वर्षें, मुख्यत्वें साष्टी प्रांतांत त्यांनीं धर्मसेवा केली. येथील भाषा ते इतक्या आवडीनें शिकले कीं मराठीच्या थोरवीविषयीं त्यांनीं रचलेल्या ओव्या आजही रसिकांच्या तोंडीं आहेत.

त्यांचा मोठा ग्रंथ १६१६ सालीं रायतूरच्या येशूसंघीय विद्यालयांत छापला गेला. आज आपण त्यास 'क्रिस्तपुराण' म्हणतों. पण पहिल्या आवृत्तीचें पोर्तुगीज नांव वेगळें होतें. त्याचा अर्थ असा कीं, आपला तारणारा येशू ख्रिस्त ह्याच्या जगांतील आगमनाविषयीं निरूपण, दोन भागांत. म्हणजे सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा सारा ग्रंथ एका येण्याविषयीं आहे. तो आला कां, ज्यांच्यासाठीं आला त्यांची अवस्था काय होती, आणि येऊन त्यानें काय केलें, हेंच त्याचें सूत्र होय.

ह्या ग्रंथाची रचना विचार करण्याजोगी आहे. पहिल्या पुराणांत छत्तीस अवस्वर म्हणजे अध्याय आहेत, आणि त्यांत ख्रिस्ताचा जन्मच होत नाहीं. सृष्टीची उत्पत्ति, देवदूतांचें पतन, आदाम व एवा ह्यांची चूक, आणि मग पिढ्यानपिढ्या वाट पाहणाऱ्या एका प्रजेची कथा असा तो भाग चालतो. दुसऱ्या पुराणाच्या एकोणसाठ अवस्वरांत तारणाऱ्याचें चरित्र येतें. निष्णात वैद्य आधीं नाडी पाहतो आणि मग औषधाची पुडी उघडतो. फादर स्टीफन्सांनीं तेंच केलें. रोग काय हें ज्यास समजलें नाहीं, त्यास वैद्य कां आला हें समजणार नाहीं.

ग्रंथाच्या आरंभीं एक ब्राह्मण श्रोता विनंति करतो कीं, आमचीं जुनीं पुराणें आतां आम्हांस वाचावयाचीं नाहींत, तर त्यांच्या जागीं वाचावयास आम्हांस कांहीं तरी द्या. ह्या विनंतीमागें एक दुःखाचा इतिहास आहे, आणि तो महोत्सवाच्या ग्रंथांतही झांकून ठेवूं नये. १५६७ सालीं साष्टींतील देवळें पोर्तुगीज सत्तेनें पाडलीं. जुन्या धर्माचे ग्रंथ बाळगण्यास बंदी झाली. ज्याच्या येण्यानें बंदिवान सुटावे, त्याच्या नांवानें लोकांवर सक्ति झाली. स्टीफन्सांनीं ह्या परिस्थितींत निराळा मार्ग धरला. लोकांच्या कानांत बसलेली ओवी त्यांनीं घेतली, पुराणाचा घाट घेतला, स्वर्गास वैकुंठ म्हटलें, आणि हृदयास हात घालून बोलले. सत्तेनें जें बंद केलें होतें, तें त्यांनीं प्रेमानें उघडलें. दंडुक्यानें देऊळ पडतें, माणूस तरत नाहीं. तारणारा कशासाठीं आला हें ज्यास कळलें, तो दंडुका हातीं धरीत नाहीं.

त्यांची आणखी एक इच्छा होती. १६०८ च्या डिसेंबरांत येशूसंघाच्या वरिष्ठांस लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं ह्या देशाच्या लिपींत पुस्तकें छापण्याची परवानगी मागितली. अक्षरांचे सुमारे सहाशें सांचे लागतात, पण युक्तीनें ते दोनशेंवर आणतां येतील, असेंही त्यांनीं कळविलें. ती इच्छा सफल झाली नाहीं. ग्रंथ रोमी लिपींतच निघाला. १६४९ व १६५४ सालीं त्याच्या पुन्हां आवृत्त्या झाल्या. पुढें १६८४ सालीं गोव्याच्या विजरईनें लोकांनीं तीन वर्षांच्या आंत पोर्तुगीज भाषा बोलावी असा हुकूम काढला आणि देशी भाषेवर गदा आली. त्या तीन आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाहीं. तरी ग्रंथ मेला नाहीं. मंगळूरकडील ख्रिस्ती कुटुंबांनीं हस्तलिखितें जपलीं, आणि त्यांवरून जोसेफ साल्ढाना ह्यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें नवी आवृत्ति छापली. १९५६ सालीं शांताराम बंडेलू ह्यांनीं पुण्याहून देवनागरींत, आणि २००९ सालीं फादर नेल्सन फाल्काव ह्यांनीं आजच्या मराठी गद्यार्थासह तो वाचकांपुढें ठेविला. १६०८ ची मागणी अशी साडेतीनशें वर्षांनीं पुरी झाली.

ख्रिस्तसभेची शिकवण

आतां सूत्ररूपानें पाहूं. ३२५ सालीं निकेया येथें भरलेल्या परिषदेनें आणि ३८१ सालीं कॉन्स्टॅन्टिनोपल येथील परिषदेनें ठरविलेला विश्वासांगिकार आपण दर रविवारीं म्हणतों. त्यांत देवपुत्राच्या स्वर्गांतून उतरण्याचें कारण थोड्या शब्दांत आहे: आम्हां मनुष्यांसाठीं आणि आमच्या तारणासाठीं. २०२५ सालीं ह्या निकेयाच्या परिषदेस सतराशें वर्षें पूर्ण झालीं.

ह्या शब्दांचा खल पुष्कळांनीं केला. संत अथनासियस ह्यांनीं सांगितलें कीं, देव मनुष्य झाला तो मनुष्यास आपल्या जीवनांत वांटेकरी करून घेण्यासाठीं. संत अॅन्सेल्म ह्यांनीं १०९८ च्या सुमारास 'देव मनुष्य कां झाला' ह्याच नांवाचा ग्रंथ लिहून पूर्ण केला. मनुष्यानें देवाचें जें देणें बुडविलें, तें मनुष्यानेंच फेडावयास पाहिजे, परंतु फेडण्याचें सामर्थ्य देवाशिवाय कोणांत नाहीं; म्हणून जो देव आणि मनुष्य दोन्ही आहे त्यानेंच तें फेडावें, असा त्यांचा युक्तिवाद. पुढें संत थॉमस अॅक्वायनस म्हणाले कीं, पाप घडलें नसतें तर देवपुत्र मनुष्य झाला नसता असें मानणें शास्त्रास अधिक धरून आहे. उलट फ्रान्सिस्कन पंडित डन्स स्कोटस ह्यांचें मत असें कीं, पाप घडलें नसतें तरीही प्रेमापोटीं तो आलाच असता. ख्रिस्तसभेनें ह्या वादांत कोणासही पाखंडी ठरविलें नाहीं. कारण येण्याचें मूळ प्रेमांत आहे हें दोघांसही मान्य आहे.

१९९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथांत ह्या सर्वांचें सार चार कारणांत दिलें आहे. देवाशीं आमचा समेट व्हावा. देवाचें प्रेम आम्हांस कळावें. पावित्र्याचा कित्ता आमच्यापुढें असावा. आणि आम्ही देवाच्या स्वभावाचे भागीदार व्हावें. समेट, ओळख, कित्ता आणि भागीदारी, हे चार शब्द मुलांकडून पाठ करून घेण्यासारखे आहेत. त्यांतील एकच धरून चालणारा माणूस अर्ध्या वाटेवर थांबतो. नुसता कित्ता धरला तर ख्रिस्त केवळ थोर गुरु उरतो. नुसता समेट धरला तर आपलें वागणें आहे तसेंच राहतें.

शरणपूरची आठवण

'मोल भरून सोडविणें' हा अर्थ पुस्तकांतून कळण्यास कठीण जातो, कारण माणसांचा बाजार आपण पाहिलेला नाहीं. परंतु नाशिकानें त्याचें फळ पाहिलें आहे. आज शरणपूर हें शहराच्या गजबजलेल्या भागाचें नांव आहे. एकोणिसाव्या शतकांत तेथें चर्च मिशनरी सोसायटी ह्या प्रॉटेस्टंट संस्थेनें वसविलेलें ख्रिस्ती गांव होतें. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम म्हणून नेलीं जाणारीं मुलें इंग्रज आरमारानें अरबी गलबतांवरून सोडविलीं, आणि त्यांपैकीं कित्येकांस ह्या गांवांत आणून आश्रय व शिक्षण दिलें. गांवाचें नांवच शरण आलेल्यांचें.

त्यांपैकीं जेकब वेनराइट हा एक. १ मे १८७३ रोजीं प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन मध्य आफ्रिकेंत वारला, तेव्हां नाशिकास शिकलेला हा तरुण त्याच्या सोबत्यांत होता. त्यानें तेथें दफनविधीची प्रार्थना वाचली. मग ह्या सोबत्यांनीं आपल्या धन्याचें शव कित्येक महिने चालत समुद्रापर्यंत आणलें. १८ एप्रिल १८७४ रोजीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबींत लिव्हिंगस्टनला पुरतांना शवपेटीसोबत चालणाऱ्यांत जेकब वेनराइटही होता. कोणी त्यास हें करण्याची सक्ति केली नव्हती. एकेकाळीं विकला गेलेला मुलगा मोकळा झाला, आणि मोकळा झाल्यावर त्यानें आपल्या मोकळेपणाचा उपयोग सेवेसाठीं केला. तारण म्हणजे काय, हें ह्याहून सोप्या रीतीनें कसें सांगावें? पापाच्या ताब्यांतील माणूस स्वतःस विकत घेऊं शकत नाहीं. जवळचा आप्त यावा लागतो. आणि जो सुटला, त्याची सुटका तो इतरांचें ओझें उचलतो तेव्हां लोकांस दिसूं लागते.

आमच्या जिल्ह्यांतील पीक

कॅथलिक मिशनचा आमच्या भागांतील इतिहास बहुतांशीं नगर जिल्ह्यांतून आला. १८७८ सालीं येशूसंघाचे फादर ओटो वाइसहाउप्ट केंदळ येथें आले, आणि तेथून संगमनेर, वळण, राहता अशा ठिकाणीं हें काम पसरलें. केंदळलाच १९०३ सालीं फादर हेन्री डोरिंग ह्यांनीं 'निरोप्या' मासिक सुरू केलें. तेच पुढें पुण्याचे बिशप झाले. १५ मे १९८७ रोजीं पुणें धर्मप्रांतांतून नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला, आणि थॉमस भालेराव हे मराठी येशूसंघीय त्याचे पहिले बिशप झाले. नगर जिल्ह्याचें नांव आतां अहिल्यानगर आहे. पण जुन्या बाप्तिस्म्याच्या वह्यांत जुनेंच नांव आढळेल.

त्या वह्यांतील नांवें बहुतेक महार व मांग कुटुंबांचीं आहेत. ज्यांची सावली लोकांस चालत नव्हती, ज्यांस गांवच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हतें, त्यांच्या ओसरीवर बसून फादर मंडळींनीं सांगितलें कीं देवाचा पुत्र तुमच्यासाठीं आला आहे. २ मार्च १९३० रोजीं आमच्याच नाशिकांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं काळाराम मंदिराच्या दाराशीं सत्याग्रह सुरू झाला, आणि माणसास माणूस म्हणून देवाच्या दारीं उभें राहूं द्यावें ही मागणी साऱ्या देशानें ऐकली. पण ती ऐकतांना दुसऱ्याच्या दाराकडे बोट दाखविणें सोपें आहे. २०१६ सालीं भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेनें दलितांच्या सबलीकरणाचें धोरण प्रसिद्ध केलें, त्यांत आपल्या ख्रिस्तसभेंतही भेदभाव आहे हें कबूल केलें. सोयरीक जुळवितांना, पंगतींत जागा धरतांना, मंडळाचा अध्यक्ष निवडतांना जर आपण पूर्वीची जात विचारीत असूं, तर तारणाऱ्यानें भरलेलें मोल आपण परत घेऊन जा असेंच त्यास म्हणत आहों. जक्कयाच्या घरीं जेवलेल्या प्रभूस आपल्या घरीं बसावयास अशानें जागा उरत नाहीं.

येथें आणखी दोन नांवें आदरानें घेतलीं पाहिजेत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा १८९५ सालीं मुंबईस बाप्तिस्मा झाला. नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई ह्या त्यांच्या पत्नी. हीं उभयतां आपल्या कॅथलिक पंथाचीं नव्हतीं, पण त्यांनीं मराठी ख्रिस्ती मनास जें दिलें तें सर्वांचें आहे. टिळकांनीं ख्रिस्ताचें चरित्र ओवीबद्ध करावयास घेतलें आणि १९१९ सालीं ते वारले, तेव्हां 'ख्रिस्तायना'चे अकरा अध्याय झाले होते. ज्या बाईस पतीच्या धर्मांतरामुळें कांहीं वर्षें त्यांच्यापासून दूर राहून दुःख सोसावें लागलें, त्याच लक्ष्मीबाईंनीं पुढचे चौसष्ट अध्याय लिहून तें काम पुरें केलें. साष्टींत एका परदेशी धर्मगुरूनें जें निरूपण आरंभिलें, तें आमच्या गोदातीरच्या एका गृहिणीनें आपल्या बोलींत पुन्हां सांगितलें.

आपणांसाठीं

दर फेब्रुवारींत नाशिकरोड येथें बाळ येशूच्या यात्रेस सर्व धर्मांचे लोक येतात. कोणी नोकरी मागतो, कोणी आजारपणांतून सुटका, कोणी कुशींत मूल. ह्या मागण्यांस हसूं नये. प्रभूनेंही भुकेल्यांस आधीं भाकरी दिली. परंतु त्या गर्दींतील कोणी आपल्यास विचारलें कीं हें बाळ कशासाठीं जन्मलें, तर आपल्यापाशीं त्यापुढचेंही उत्तर असावें. तें उत्तर असें: आम्ही विकले गेलों होतों, आणि तो जवळचा आप्त होऊन आम्हांस सोडवावयास आला, मोल त्यानें आपल्या प्राणाचें भरलें, आतां त्याच्या घरांत कोणी गुलाम नाहीं आणि कोणी अस्पृश्य नाहीं.

लेवीय ग्रंथांतील शिंग वाजलें कीं घराघरांत काम सुरू होत असे: कर्जाचे कागद काढावयाचे, बांधलेल्यास सोडावयाचें, दुसऱ्याचें शेत त्याचें त्यास परत द्यावयाचें. आपल्याही महोत्सवांत प्रत्येक कुटुंबानें एक तरी गांठ सोडावी. कोणाचें देणें माफ करावें, तुटलेल्या भावाकडे जाऊन बोलावें, गड्याची थकलेली मजुरी चुकती करावी, ज्यास आजवर पंगतीच्या टोकास बसविलें त्यास आपल्या शेजारीं बसवावें. एवढें झालें म्हणजे शेजाऱ्याच्या प्रश्नास उत्तर देतांना आपल्यास शब्द शोधावे लागणार नाहींत, आणि आपल्या मंदिराच्या घंटेंत त्या जुन्या शिंगाचा नाद त्याला ऐकूं येईल.

प्रभु आपणां सर्वांचें कल्याण करो.